मागून मारलेली हाक

पुष्पलता गजभियेबद्दल लिहायचं तर आधी माझी चूक सांगावी लागते, आणि ती सांगायला मला तीन वर्षं लागली.

माझं नाव देवकी. राहते नागपुरात, धरमपेठेत. सत्तावीस वर्षं समाजकार्याच्या कॉलेजात शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं म्हणून एका संस्थेच्या कामाला लागले. कामाचं नाव 'मनोसामाजिक आधार कार्यक्रम'. हे नाव जो एका दमात म्हणू शकतो त्याला आधाराची गरज नसावी असं माझं मत आहे. काम साधं होतं. महिन्यातून एकदा संस्थेच्या जीपने चार तासांवरच्या गोंदियाकडच्या जंगलात जायचं, तिथल्या तिबेटी कॅम्पातल्या म्हाताऱ्या माणसांना सभागृहात बसवायचं आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते विचारायचं.

कॅम्प म्हटलं की लोकांना तंबू दिसतात. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण देश सोडून आलेल्या या लोकांना तिथे जमीन मिळाली त्याला आता पन्नासाहून जास्त वर्षं झाली. पक्की घरं आहेत, धानाची शेतं आहेत, गोंपा म्हणजे त्यांचं प्रार्थनेचं देऊळ आहे. 'कॅम्प' हे नाव तेवढं चिकटून राहिलंय, जसं आपल्याकडे साठी उलटलेल्या माणसाला घरचे 'बाळ्या' म्हणत राहतात. नाही आहेत ती तरुण माणसं. शिकली, बंगलोरला गेली, दिल्लीला गेली, तिथून बेल्जियम, कॅनडा. मागे म्हातारे-म्हाताऱ्या आणि त्यांचे मोबाईल. मुलं रोज मोबाईलवर दिसतात, आणि फोन बंद झाला की घर आधीपेक्षा जास्त रिकामं होतं. हे मला तिथल्या एका आजोबांनी सांगितलं होतं. मी ते अहवालात लिहिलं, कारण महिनाभरात तेवढं एकच वाक्य हाती लागलं होतं.

बाकी सगळे 'ठीक है' म्हणायचे. माझ्याकडे एक तक्ता होता. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सात चेहरे. "आज आप इनमें से कौन?" असं मी विचारायची, आणि पंधरा माणसं हातातली माळ न थांबवता एका सुरात म्हणायची, "ठीक है." ठीक है नावाचा चेहरा तक्त्यावर नव्हता.

अशाच एका बैठकीत मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. बघते तर तिबेटी छुबा, म्हणजे तो पायघोळ झगा, घातलेली, वर रंगीत पट्ट्यांचा एप्रन बांधलेली, सावळी, ठसठशीत नागपुरी बाई.

"मॅडम, तो तक्ता उलटा धरला तुम्ही," ती म्हणाली. "सकाळपासून हसऱ्याचे रडके आन् रडक्याचे हसरे करून राहिल्या."

ती पुष्पलता.

ती मूळची नागपूरच्याच इंदोरा वस्तीतली. वडील कापडाच्या गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर आई विड्या वळायची. घरात बुद्ध, बाबासाहेब आणि पुस्तकं. पुष्पलता दहावीनंतर शिवण शिकली. नागपुरात दिवाळी झाली की तिबेटी लोक स्वेटर विकायला येतात. मैदानावर रांगेने तंबू लागतात आणि संक्रांतीपर्यंत सगळं शहर तिथे जॅकेटं, कानटोप्या घेत फिरतं. या बाजाराच्या फाटकाशी ती मशीन मांडून बसायची. बाही आखूड करायची, जॅकेटची चेन बदलून द्यायची. पाल्देन नावाचा एक स्वेटरवाला तिच्याकडे सारखा जॅकेटं घेऊन यायचा. एका हिवाळ्यात चौदा.

"एकाचीबी चेन बिघडली नोती, मॅडम," तिने मला पुढे सांगितलं.

"मग तू काय करायचीस?"

"उसवायची आन् तीच परत शिवून द्यायची. माणूस एवढा चालत आला, त्याले तसंच कसं पाठवाव?"

लग्न झालं. तिचा भाऊ अनंत तर हरखून गेला होता. बहीण बुद्धाच्याच घरी चालली होती, आणखी काय पाहिजे! पण कॅम्पात गेल्यावर पुष्पलताला कळलं की बुद्ध तोच असला तरी घर फार वेगळं आहे. इंदोऱ्याच्या विहारात वंदना आणि भाषणं. पुनर्जन्म, आत्मा, भूतखेत हे सगळं तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर सोडून दिलेलं. इकडे दिवे, ढोल, लामा, आणि मेलेला माणूस पुढचा जन्म घेण्याआधी एकोणपन्नास दिवस वाटेवर असतो हा विश्वास. ती दोन्हीकडे हात जोडायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माहेर आन् सासर वेगळं राहतेच नं?"

सासूबाई ल्हामो. त्यांना सगळे अमाला म्हणत. अमा म्हणजे आई, पुढचं 'ला' आदराचं. लहानपणी बापाच्या पाठीवर बसून बर्फातून आलेली ही बाई बोलायला अगदी कमी. त्यांनी सुनेला खारट लोण्याचा चहा प्यायला शिकवलं आणि सुनेने त्यांना नागपुरी बोलायला. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल अमालांनी सोळा वर्षांत चकार शब्द काढला नाही. सकाळी अमाला माळ ओढत बसायच्या, शेजारी पुष्पलताचं मशीन चालायचं, आणि पाल्देन शेतावरून आला की दोघींच्या मधे बसून चहात पोहे बुडवून खायचा. पोहे चहात! पुष्पलताला ते शेवटपर्यंत सहन झालं नाही. अमाला म्हणायच्या, लहानपणापासून असाच आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात धानाच्या बांधीत, शेतातच, पाल्देन कोसळला. पंचेचाळीस वर्षांचा. दवाखान्यात न्यायचीही वेळ आली नाही.

पुढच्या बैठकीला मी गेले तेव्हा त्याला तेवीस दिवस झाले होते. पुष्पलता सभागृहात आली नाही, म्हणून मी तिच्या घरी गेले. आत दिवे तेवत होते. अमाला माळ ओढत होत्या. भिंतीवर पाल्देनचा एकही फोटो नव्हता. मला पाहिल्याबरोबर पुष्पलता उठली आणि मला मागच्या परसात घेऊन गेली, आणि तिथे माझ्या गळ्यात पडून, तोंडात बाही कोंबून रडली.

"इथं रडू नाई म्हणतात," ती म्हणाली. "आपण रडलं तर त्याच्या रस्त्यावर गारा पडतात म्हणे. नावबी घ्याचं नाई. फोटो कापडात बांधून ठेवला. माह्या तोंडात दिवसभर नाव येऊन राह्यते मॅडम, आन् मी गिळून राहिली."

आता इथे मी काय करायला हवं होतं? थोडा वेळ तिच्याजवळ बसायला हवं होतं. मग आत जाऊन अमालांजवळ बसायला हवं होतं आणि विचारायला हवं होतं, की तुमच्याकडे हे असं का. पण मी सत्तावीस वर्षं शिकवलेली बाई. दुःखाचे टप्पे मला पाठ. दाबलेलं दुःख कुजतं, नाव घेतल्याने मन मोकळं होतं, हे मी शेकडो मुलींना फळ्यावर लिहून दिलेलं. आणि खरं सांगते, त्या 'ठीक है'वाल्या गावात कुणीतरी माझ्या भाषेत माझ्या गळ्यात पडून रडलं याचा मला आनंद झाला होता. आपला उपयोग झाला असं वाटलं. त्या आनंदाची आज मला लाज वाटते.

मी म्हणाले, "इथे नाव घेता येत नसेल तर नागपूरला जा. भावाकडे. तिथे तुझ्या रीतीने कर. त्याचं नाव घे, मोठ्याने घे. रड. तुझा हक्क आहे तो."

ती गेली. अनंतने बहिणीसाठी काही कमी केलं नाही. मृत्यूनंतर चौतिसाव्या दिवशी, रविवारी, समाजभवनात पुण्यानुमोदनाचा, म्हणजे आदरांजलीचा, कार्यक्रम ठेवला. आमच्या नागपुरात होतो तसाच. दारात पाल्देनचा मोठा हसरा फोटो असलेला फ्लेक्स, त्यावर ठळक नाव, खाली 'भावपूर्ण आदरांजली'. मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील, मग माईक. ज्यांनी त्याला दोनदाही पाहिलं नव्हतं तेसुद्धा त्याच्याबद्दल चांगलं बोलले. मीही बोलले. शेवटी पुष्पलताला उभं केलं. तिने माईक हातात घेतला, फोटोकडे पाहिलं, आणि सगळं भवन हादरेल अशी हाक मारली.

"पाल्देन! पाल्देन, मले टाकून कुठं गेले हो!"

मग ती रडली. तिच्या वहिनीने धरलं, सगळ्या बाया रडल्या. मी मागे खुर्चीवर बसून समाधानाने डोळे पुसले.

कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते कॅम्पात पोचलं.

दोन दिवसांनी ती परत गेली तेव्हा घराच्या ओसरीवर तिची ट्रंक ठेवलेली होती. वर मशीन, पावसाने भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये नीट बांधलेलं. दार बंद. आतून माळेचा आवाज येत होता. भांडण नाही, शिवी नाही. शेजारची बाई येऊन हळूच म्हणाली की अमालांनी सांगितलंय, तो वाटेवर होता, चालला होता, आणि हिने त्याला मागून हाक मारली. आता तो ना इकडचा ना तिकडचा.

मला हे पुष्पलताने फोनवर सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. मागून हाक मारली! अहो, हे तर आपल्याकडचंच. माझी आई बाबांना घराबाहेर पडल्यावर मागून हाक मारू द्यायची नाही. विसरलेला डबा द्यायला मला गल्लीच्या टोकापर्यंत पळवायची, पण हाक नाही. आठ दिवसांच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला आपण हाक मारत नाही, आणि मी त्या बाईला सांगितलं की कायमच्या निघालेल्याला माईकवरून हाक मार. पुस्तकातलं सगळं आठवलं आणि घरातलं तेवढं आठवलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी जीप घेऊन गेले. अमालांना सांगितलं की चूक माझी आहे, सल्ला माझा होता. त्यांनी माझ्यासाठी चहा केला. मी सगळं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "ठीक है."

तेव्हापासून पुष्पलता इंदोऱ्यात राहते. भावाच्या घराच्या वर एक खोली, बाहेरून जिना. खिडकीशी मशीन. भिंतीवर फ्लेक्समधून कापून चौकटीत बसवलेला पाल्देनचा फोटो. भाऊ-वहिनी जीव लावतात, त्यात खोट नाही. पण मोहल्ल्यात तिला 'तिबेटीन' म्हणतात, जशी कॅम्पात ती 'नागपूरवाली' होती. हिवाळ्यात ती परत स्वेटरबाजाराच्या फाटकाशी बसायला लागली. कॅम्पातले ओळखीचे दुकानदार मान हलवायचे, कुणी 'आचा-ला', म्हणजे ताई, म्हणून चहाही आणून द्यायचं, पण थांबून बोलायचं नाही कुणी. अमालांचा मान मोठा होता.

एकदा मी तिच्याजवळ स्टुलावर बसले होते. म्हटलं, "निदान इथे तुला त्याचं नाव तरी घेता येतं."

"घेतो नं," ती म्हणाली. "कोणाजवळ घेऊ पण? अनंत म्हणते, भाऊजी लय चांगले होते. झालं. त्याले काय मालूम? वर्षातून दोन डाव येऊन हसून जाणारा माणूस दिसला त्याले. तो चहात पोहे खाये, झोपेत आईले हाक मारे, चप्पल नेहमी उलटी काढे, हे कोणाले सांगू? सांगतलं तर म्हणतात, हो का. ज्याले हे सगळं मालूम आहे असं या जगात एकच माणूस आहे, मॅडम. आन् तिनं दार लावून घेतलं."

सांत्वनाची तिला कमतरता नव्हती. पाहिजे होत्या त्या फक्त अमाला. बाकी सगळी माणसं तिच्या दुःखाशेजारी उभी होती, आत एकच जण होती, आणि ती बोलत नव्हती. आणि तिकडे चार तासांवर ती म्हातारीही एकटीच होती. दर महिन्याला मी दोन्ही टोकं बघून यायची, आणि दोन्हीकडे चहा प्यायची.

पुष्पलता दर महिन्याला माझ्याबरोबर काहीतरी पाठवायची. मऊ भाकरीसाठी ज्वारीचं पीठ, गुडघ्याचं तेल, एकदा लोकरीचे मोजे. अमाला पिशवी घ्यायच्या. कुणी दिलं, हे कधी विचारलं नाही. पण एकदा त्यांनी मला एक जुना छुबा दिला, खांद्यावर उसवलेला, आणि म्हणाल्या, "नागपूरले शिवून आण." पुष्पलताने तो छुबा मांडीवर घेतला आणि बराच वेळ नुसताच धरून बसली. शिवून दिला. मी परत नेला. अमालांनी शिवण उलटीसुलटी करून पाहिली आणि घडी करून ठेवली. मी अहवालात लिहिलं, 'नातेसंबंधात सकारात्मक बदल.' वर्षभर पुढे काही झालं नाही.

या हिवाळ्यात अमालांच्या उजव्या डोळ्यात मोतिबिंदू पिकला. संस्थेने ऑपरेशन नागपूरला ठरवलं. पूर्वी कॅम्पातली माणसं आजारी पडली की स्वेटरबाजारातल्यांच्या खोल्यांवर राहायची. पण यंदा बाजारात कॅम्पातले मोजकेच लोक आलेले, तेही सगळे पुरुष, एका खोलीत सहा जण. दहा दिवस दर चार तासांनी डोळ्यात औषध घालायला बाई माणूस हवं होतं. मी अमालांना विचारलं, "पुष्पलताकडे राहाल का?"

त्या माळ ओढत राहिल्या. मला वाटलं ऐकूच आलं नाही. मग म्हणाल्या, "तिच्याच घरी?"

"हो. तिच्या खोलीवर."

"जिथं ती राह्यते, तिथंच?"

"तिथेच."

"चालते," त्या म्हणाल्या.

मला आनंद लपवता आला नाही. परतीच्या वाटेत ड्रायव्हरला मी माणसाच्या मनावर इतकं व्याख्यान दिलं की त्याने गाण्यांचा आवाज वाढवला.

पुष्पलताची तर धांदल उडाली. खोली दोनदा सारवावी तशी पुसली. खारट चहासाठी लोणी आणलं. पाल्देनचा फोटो भिंतीवरून काढून ट्रंकेत ठेवला. अनंतला बजावलं, "हे पाह, तिच्यासमोर त्याईचं नाव काढू नोको. काही झालं तरी नाई."

"अवं पण ताई, म्हातारी तुह्या नवऱ्याची माय आहे. बोलावं तर लागनच नं काही?"

"नाई म्हणलं नं गा तुले! तान्हं लेकरू समजून राहा तिच्याशी."

ऑपरेशन नीट झालं. मी रोज फोन करायची.

"बोलल्या का काही?"

"नाई मॅडम. हो-नाई एवढंच. औषध घालतो तं चुपचाप मान वर करते. जेवते चांगली. केस धुऊन देतो म्हणलं तं नको म्हणाली नाई, धुऊ दिले."

चौथ्या दिवशी म्हणाली, "दिवसभर खिडकीपाशी बसून राह्यते. एक डोळा बांधलेला, पण कान दाराकडे. जिन्यात कोणी चढलं की मान वळवते. मंग परत माळ."

"नवी जागा आहे ना," मी म्हणाले. "अस्वस्थ वाटत असेल. वेळ दे."

सातव्या दिवशी ती फोनवर रडकुंडीला आली होती. "मॅडम, सोळा वर्षं मी या बाईसंगं राहिली. मले समजते ती रागात हाय की नाई. ती रागात नाई. ती माह्याकडे पाह्यतच नाई. माह्या मागं पाह्यते. आता दहा दिवस झाले की जाईन ती. परत काही येनार नाई. मी काय करू?"

पहिल्यांदाच मी तिला काही सल्ला दिला नाही, आणि त्याचं श्रेय मी घेऊ शकत नाही, कारण देण्यासारखा सल्लाच नव्हता.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी डोळा तपासून ठीक आहे म्हणून सांगितलं. दुपारी मी जीप घेऊन अमालांना न्यायला गेले. त्यांची पिशवी दाराशी तयार होती. पुष्पलताने चहा केला होता. मी खुर्चीवर, अमाला पलंगावर, पुष्पलता खाली मशीनपाशी. खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती होत नव्हती. आता दहा मिनिटांत ही बाई उठून जाणार आणि तीन वर्षांची वाट पाहणं फुकट जाणार, हे मला दिसत होतं. पुष्पलतालाही दिसत होतं. ती कपाकडे बघत होती.

अमालांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. माळ मनगटाला गुंडाळली. मी उठायला लागले तर त्यांनी हाताने मला बस म्हटलं.

"पुष्पा," त्या म्हणाल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"काय अमाला?"

"तू त्याले बोलावलं होतं. माईकवर."

पुष्पलताने कप खाली ठेवला. "हो. चुकलं माह्यं अमाला. मले..."

"मोठ्यानं बोलावलं. मी मोबाईलवर आयकलं. लय डाव आयकलं." त्यांनी माळ मनगटावर फिरवली. शब्द शोधत होत्या. "मीबी बोलावणार होती. पहिल्या दिवसापासून. माय हाय मी. सकाळी उठली की तोंडात त्याचंच नाव. गिळलं. एकोणपन्नास दिवस गिळलं. मी म्हणलं, जाऊ दे त्याले चांगला. आन् तू बोलावलं."

मला त्या वेळी तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"मले राग आला," अमाला म्हणाल्या. "लय राग. मी म्हणलं, आता तो फिरला असन माघारी. हिच्याकडं गेला असन, नागपूरले. हिनं बोलावलं, मी नाई बोलावलं. तं हिच्याच घरी असन. इथंच."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. नव्या डोळ्याने, आणि जुन्या डोळ्यानेही. मग पुष्पलताकडे, तिच्या मागे नाही, सरळ तिच्याकडे पाहिलं.

"म्हणून आली मी. डोळा तं गोंदियालेबी झाला असता."

पुष्पलताने दोन्ही हातांनी मशीनची कड धरली होती.

"अकरा दिवस मी आयकून राहिली," अमाला म्हणाल्या. "दिवसा, रात्री. मले त्याचा पाय ओळखू येते. कोणी नाई आलं. तं तू सांग. तू इथंच राह्यते. तो आला का? एक डाव तरी?"

खोटं बोलायची संधी होती. तिच्या जागी मी असते तर बोलले असते, मला ठाऊक आहे. म्हाताऱ्या आईला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगितलं असतं, आणि त्यालाही पुस्तकातलं एखादं नाव दिलं असतं.

पुष्पलता सरकत सरकत पलंगापाशी गेली. अमालांच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं.

"मीबी तीन वर्षं आयकूनच राहिली, अमाला," ती म्हणाली. "नाई आले. एक डावबी नाई आले."

अमालांनी हे ऐकून घेतलं. मग त्यांचा हात सुनेच्या केसांवर आला आणि तिथेच राहिला.

"मंग आपण दोघीच," त्या म्हणाल्या.